अठ्ठावीस की पस्तीस?

...आणि वर मलाच विचारतात, "अजून ठरलं नाही?" अजून ठरलं नाही म्हणे! अहो, लेन्स आहे ती, टोमॅटो नाहीत, की चार दाबून बघितले आणि टाकले पिशवीत! तुम्हाला सांगतो, यात घाई करून चालत नाही. जन्माचा प्रश्न असतो. माझ्या नव्हे हो, लेन्सच्या!

म्हणजे झालं काय, माझ्याकडे एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे, फिल्मचा. आता तुम्ही विचाराल, हे काय असतं? तर त्याच्या कपाळावर एक काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. लेन्स बदलली की खिडकीतली चौकट बदलते, चौकटीत मावेल तेवढंच फोटोत. आत एकाच माणसाची दोन दोन चित्रं दिसतात, एक ठळक, एक पुसट. रिंग फिरवत फिरवत ती एकमेकांवर बसवायची, बसली की फोकस! मला एका फोटोला दीड मिनिट लागतं. तोवर मूल असेल तर पळालेलं असतं, पक्षी असेल तर उडालेला असतो... म्हणून मी झाडांचे काढतो. आणि या कॅमेऱ्याला लेन्स एकच, पन्नास मिलिमीटरची. सुखाने चाललं होतं आमचं.

तर एक दिवस बाबा म्हणाले, "अरे, दुकान बंद करतोय. मालकाला जिना रुंद करायचाय. तीन महिने दिलेत." बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, एका इमारतीच्या जिन्याखाली. चव्वेचाळीस वर्षं! दुकान केवढं? बाबा आत बसले की भरलं. जरा घुटमळले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक फोटो काढशील? मी बसलेलो, आणि मागे घड्याळं... सगळी यायला हवीत बरं का." आता तुम्हाला सांगतो, या माणसाने माझ्याकडे जन्मात काही मागितलेलं नाही. शाळेत मार्कसुद्धा मागितले नाहीत! मला इतकं भरून आलं, म्हटलं, "बाबा, असा फोटो काढतो, की बघत राहाल!"

गेलो. खिडकीला डोळा लावला. बाबा येतात तर घड्याळं कापली जातात, घड्याळं घेतली तर बाबांचा कान जातो. मागे सरकावं तर थेट रस्ता. बायको म्हणाली, "रस्त्यावर उभे राहा की!" रस्त्यावर! मधून स्कूटरवाले जातात, त्यांना काय सांगू, की बाबा बसलेत, थांबा? म्हणजे जास्त आवाका असलेली लेन्स हवी. पस्तीस नाही तर अठ्ठावीस. पस्तीसमध्ये थोडं जास्त मावतं, अठ्ठावीसमध्ये आणखी जास्त. झालं! एवढंच तर ठरवायचं होतं!

पण आमचं मंडळ आहे ना, रेंजफाइंडरवाल्यांचं! दर रविवारी जमतात. पाच-सहा जण, गळ्यात कॅमेरे अडकवून, गुरांच्या गळ्यात घंटा असतात तसे. त्यातले एक कोपरेसाहेब. हे आम्ही ठेवलेलं नाव, कारण ते फोटोतला माणूस बघतच नाहीत, कोपरे बघतात! "अठ्ठावीस? घ्या की. पण कोपरे बघितलेत का? कोपरे मऊ येतात हो, मऊ!" मऊ म्हणजे धूसर. म्हटलं, साहेब, कोपऱ्यात जळमटं आहेत. "मग जळमटं मऊ येतील!" हा माणूस अकरा वर्षं लेन्स तपासायला एकाच विटांच्या भिंतीचे फोटो काढतोय. परवा भिंतीचा मालक हात जोडून बाहेर आला, म्हणाला, "साहेब, एकदा काय ते सांगा, पाडणार आहात का?"

दुसरे दातांचे डॉक्टर. यांच्याकडे एकोणीस लेन्सा, काचेच्या कपाटात, दमट हवा लागू नये म्हणून आत दिवा. ते अगदी हळू आवाजात बोलतात, भूल देतात तसं. "पस्तीस घे... पण जुनी घे... जुन्या काचेला स्वभाव असतो रे... ती बोलते..." म्हटलं, डॉक्टर, तुमचा एखादा फोटो दाखवा ना. तर म्हणाले, "छे, बाहेर काढली की धूळ बसते." यांच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मोबाईलवर काढलेले! आणि मी या माणसांचं ऐकत होतो... ऐकणार नाही तर काय करणार? तज्ज्ञ आहेत! यात घाई करून चालत नाही.

पहिला महिना पस्तीस की अठ्ठावीस. दुसरा महिना जुनी की नवी. मग काळी की चंदेरी. बाबा रोज फोन करायचे, "आज येतोस का रे? आज उजेड बरा आहे." मी म्हणायचो, "बाबा, दमानं घ्या, रिव्ह्यू वाचतोय." शेवटी बायको भडकली. "अहो, लग्नाला होकार देताना तरी एवढा विचार केला होता का?" म्हटलं, "तेव्हा कुठे कोणी रिव्ह्यू लिहिले होते!" त्यानंतर चार दिवस डबा माझा मी भरला. पण तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? यात घाई करून चालतं का?

तिसरा महिना संपत आला. बाबांनी मालकाकडून आठवडा मागून घेतला. आमच्या बाबांनी! ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी उसना पेचकस मागितला नाही, ते त्या मालकापुढे उभे राहिले, "मुलाची लेन्स यायचीय" म्हणून. हे मला नंतर कळलं. आणि त्या आठवड्याच्या अगदी शेवटच्या दिवशी सकाळी कुरिअरवाला आला... अठ्ठावीस! काळी! नवी! कोपरे कडक!

धावत गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, डोळ्याला त्यांचं ते भिंग, हातात एक उघडं घड्याळ, मागे भिंतभर घड्याळं. खिडकीतून बघितलं आणि काय सांगू तुम्हाला... सगळं आलं हो! बाबा आले, दोन्ही कान आले, एकूण एक घड्याळ आलं, जळमटंसुद्धा आली! छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. "बाबा, हलू नका! मान तशीच! श्वाससुद्धा बेताने घ्या!" दोन तास तो माणूस दगडासारखा बसला. घाम पुसू का, विचारलं, तर मी नाही म्हटलं. संध्याकाळी घड्याळं उतरवली, मालकाच्या हातात किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी मजुरांनी तिथे घण घातला.

चार दिवसांनी फिल्म धुणाऱ्याकडे गेलो. हा माणूस कमी बोलतो. त्याने पट्टी उजेडासमोर धरली, म्हणाला, "झाकण."

"कसलं झाकण?"

"लेन्सचं. काढलं नव्हतंत."

आता कळलं का तुम्हाला? ती खिडकी! खिडकी वेगळी, लेन्स वेगळी! लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं! बाबा दिसतात, घड्याळं दिसतात, आणि आत फिल्मला मिट्ट काळोख! नवीकोरी लेन्स, ओरखडा पडू नये म्हणून मीच घट्ट बसवलं होतं झाकण. मंडळात सांगितलं, तर कोपरेसाहेब काय म्हणाले माहितीये? "पण कोपरे सारखे आलेत ना?"

बाबांना सांगायचं कसं? गेलो तसाच घरी. ते खिडकीपाशी बसले होते, नुसतेच. माझ्या हातातली पट्टी बघितली आणि चेहरा असा उजळला, की मला पळून जावंसं वाटलं. घेतली त्यांनी माझ्या हातून. भिंग डोळ्याला लावलं आणि पट्टी उजेडात धरून एकेक फोटो बघायला लागले. पहिला बघितला, दुसरा बघितला... कोरी पट्टी हो, पारदर्शक! नुसते कडेला आकडे! तरी छत्तीसच्या छत्तीस बघितले त्यांनी, पुन्हा पुन्हा सरकवून बघितले. मग भिंग काढलं आणि अगदी हळू, चोरट्यासारखं मला विचारलं, "मी... हललो का रे?"

काय बोलणार? तुम्ही काय बोलला असता? झाकण, झाकण असं चार वेळा ओठांपर्यंत आलं. आणि तुम्हाला सांगतो... मी म्हणालो, "हो बाबा. जरासे."