चपलांचा नंबर

हसू नका रे, चहा सांडेल. प्रेशरच्या गोळ्या संपल्या म्हणून परवा सरकारी दवाखान्यात गेलो. फाटकाशी माणसं सतरंजीवर बसलेली. मला वाटलं, रांगच. आपण ठेवतो तशा चपला नंबराला ठेवल्या आणि बसलो.

तास झाला, रांग हलेना. त्यात सगळे ओरडतायत, "दवाखाना कंपनीला देऊ नका!" मीही ओरडलो. म्हटलं, ओरडल्याशिवाय आत घेत नसतील.

शेवटी शेजारच्या बाईला विचारलं, "काय गं, माझा नंबर कधी?"

"आबा, हे धरणं हाय. रांग आत हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय?"

"सगळ्यांत जोरात तुम्हीच ओरडत होता! आम्हाला वाटलं, पुढारी हाय."

तणतणत आत गेलो. नर्सने गोळ्या दिल्या. "पुढच्या महिन्यात येऊ ना?" मी विचारलं.

"या की. पण कंपनी आली तर गोळ्या अशाच मिळतील की न्हाय, मला न्हाय ठाऊक. मी तरी असेन का, तेही न्हाय ठाऊक."

बाहेर आलो. चपला तिथंच, धरण्यात नंबर धरून. घालाव्यात की राहू द्याव्यात, कळेना.

अनवाणीच घरी आलो.