अँटेनाभोवती मोकळी जागा

...नाही, मला एक सांगा, अँटेना म्हणजे काय देव आहे का, तिच्यापुढे पाटी लावायला, हार घालायला आणि वर नारळ फोडायला? तुम्हाला सांगतो, मी एकच वाक्य बोललो होतो, सतरा वेळा बोललो, मराठीत बोललो: अँटेनाच्या आजूबाजूला मोकळं ठेवा.

आमचं शेत रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी दारं. उधाणाला दार फुटलं की खाडी सरळ भातात, आणि एकदा खारं पाणी शिरलं की जमीन तीन वर्षं गेलीच समजा. आयची दोन एकरं तिथंच, उघाडीला चिकटून. म्हणून मी यंत्र केलं. उघाडीच्या खांबावर प्लास्टिकची डबी, उघाडीत पाणी चढलं की डबीतलं वायरलेस मॉड्यूल देवळावरच्या भोंग्याला सांगणार, भोंगा बोंबलणार, माणसं फळ्या आणि मातीच्या गोणी घेऊन धावणार. सोपं... कसलं सोपं, आठ महिने गेले. टेबलावर मॉड्यूल भोंग्याशी छान बोलायचं, डबीत घातलं की बहिरं. का? तर शेजारी सोलरचं चार्जिंग सर्किट, ते सतत किरकिरतं, आपल्याला ऐकू येत नाही, रेडिओला येतं. हळदीत डीजेच्या खोक्याला टेकून फोनवर बोलून बघा, तसं. मग चार्जिंग एका टोकाला, मॉड्यूल दुसऱ्या टोकाला, मध्ये पत्र्याचा आडोसा, वायरी तोकड्या, अँटेना डबीबाहेर ताठ उभी. वाजला भोंगा. दहापैकी दहा वेळा. आय म्हणाली, "प्रज्योत, आता तरी कमिटीला सांग." इथंच चुकलं.

बांध कमिटीचे अध्यक्ष हिरामण नाना. कंपनीत चाळीस वर्षं फिटर, म्हणजे जगातलं प्रत्येक यंत्र त्यांना विचारून चालतं. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला, म्हणजे मला स्क्रू पिळायचीही अक्कल नाही. उद्घाटनाला मी जातो तर काय, खांबावर तीन फुटी स्टीलची पाटी! कमिटीची अकरा नावं, अकरापैकी तिघं वारलेले. आणि अँटेना? वाकडी दिसते म्हणून तारेनं पाटीलाच आवळून बांधलेली. वरून मांडववाल्या सदाने त्याच बॅटरीवर लुकलुकती माळ सोडलेली, ती तर डीजेची आय.

म्हटलं, "नाना, अँटेनाच्या आजूबाजूला मोकळं ठेवा."

"अरं, आमचा रेडिओ कपाटावर व्हता, वरती पितळेची भांडी. लागत न्हवता काय?"

"तो नुसता ऐकायचा, नाना. ह्याला बोलायचंय."

"बोलंल. मोठ्यांची नावं हायत पाटीवर."

नारळ फुटला, मी डबीची कळ दाबली. देवळावर चिडीचूप. तर नाना काय म्हणाले? "सदा, तिकडं वर जाऊन भोंग्याचं बटण हातानं दाब." वाजला भोंगा, वाजल्या टाळ्या, निघाला फोटो. म्हटलं, आता तरी पाटी काढा. "पेपरात फोटो येऊं दे, मंग बघू." पेपरात फोटो आला. पाटी तिथंच.

आणि मी? स्क्रू चारच होते आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता. पण मला राग आला होता ना. म्हटलं, होऊ दे फजिती म्हाताऱ्यांची. घरी जाऊन झोपलो.

चौथ्या दिवशी अमावास्या. भरदुपारी उधाण, भात पोटरीला आलेलं, अख्खं गाव नानांच्या नातवाच्या बारशाला. उघाडीचं दार फुटलं. डबीने भोंग्याला हाका मारल्या असतील, किती मारल्या असतील... पाटीआडून. मग पाणी पाटीपर्यंत चढलं, खाडीतून वाहून आलेला ओंडका बसला, पाटी माळेसकट खाडीत गेली, अँटेना सुटून ताठ झाली, आणि त्याच क्षणी भोंगा वाजला. काय वाजला! आम्ही धावत गेलो तेव्हा आय कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एकटी. फळी धरून. कुठली फळी, कुठलं दार, काहीच उरलं नव्हतं, तरी धरून.

नाना म्हणाले, "कालिज सोडलेल्या पोराचं यंत्र, उशिरानंच वाजायचं." त्या रात्री आयने माझं ताट वाढलं, माझ्याकडे न बघता. अजून तसंच वाढते.

आता नाना नवी पाटी करायला टाकतायत, पहिल्यापेक्षा मोठी. लावा म्हटलं, कुठंही लावा. माझी तक्रारच संपली. अँटेनाच्या आजूबाजूला आता मोकळं आहे... दोन एकर. तीन वर्षं भाताचं एक पातंसुद्धा आड येणार नाही. आणि सिग्नल, तुम्हाला सांगतो, असा स्वच्छ कधी आलाच नव्हता.