स्विचचं लोकरीचं कव्हर

तुम्ही हसाल, पण मुलगी घर सोडायला निघाली होती ती नेटपायी. घरभर वायरी टाकलेल्या, तरी तिच्या ऑफिसच्या मीटिंग मध्येच तुटायच्या. "बाबा, मी पुण्याला खोली बघते," म्हणाली. घरात आता आम्ही दोघंच. मी रोडपालीहून तंत्रज्ञ बोलावला. म्हटलं, "वायरी जोडायचा हा जुना स्विच काढ, सगळ्यात भारी बसव."

त्यानं टीव्हीमागून स्विच बाहेर ओढला.

"काका, स्विच चांगला हाय. तापून बंद पडतोय. याला लोकरीचं कव्हर कोनी घातलं?"

"आमच्या हिनं. धूळ बसू नये म्हणून."

"मग काकींना सांगा..."

"ती नाही आता."

कव्हर अलगद काढून त्यानं माझ्या हातात दिलं. "नवा नको काका. हाच उघडा ठेवा."

पुण्याचा विषय संपला. काल मात्र मुलगी स्विचकडे बघत म्हणाली, "बाबा, हा असा उघडाच ठेवायचा? धूळ बसेल ना!"