कूफीची सरळ रेघ

ज्या दुपारी उस्ताद कमरुद्दीन यांनी माझ्या हातातला बोरू काढून घेतला आणि म्हणाले, "मियाँ, पहले लकीर सीधी करो, मोहब्बत बाद में," त्याच दुपारी माझा जन्म पालटला.

काय म्हणता, महादेवराव? अगोदर संबोधन? बरं. सन्माननीय अध्यक्ष खुशालरावजी, व्यासपीठावरील थोर मंडळी, पडद्यामागील माता, भगिनी आणि रमाबाई, अमरावतीकर सज्जनहो!

उस्ताद उद्या हैदराबादेस निघाले. मशिदीच्या भिंतीवर विटांनी कूफी लिहायला. त्यांच्या निरोपाला मीच का उभा? सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याचं कॉलेज मी अर्ध्यावर टाकलं. अध्यक्षांकडे त्यांच्या रमेला मागणी घातली, तेव्हा ते गरजले, "एक काम तरी शेवटाले ने, बाप्पा! उस्तादाच्या निरोपाचं भाषण पुरं कर, मंग पोरीचं बोलू."

तर, कूफी. फुरात नदीकाठी कूफा नावाचं शहर आहे, त्यावरून या अरबी लिपीचं नाव पडलं. अक्षर ताठ, कोनदार. आरंभी त्याला नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबंसुद्धा नव्हती. वाचणाऱ्यानं ओळखून घ्यावं. पुढे त्याच ताठ अक्षरांना पानं फुटली, फुलं आली, मग गाठी पडल्या. हसता काय, सहदेवराव? मी रागावलेलो नाही! आवाजच असा आहे! शेवटी आली चौकोनी कूफी, तिच्यात—

कोण ओरडलं बाहेर? अमेरिकेतली लढाई सरली? तिकडचा कापूस सुटला नि आपल्या कापसाचा भाव पडला?

अहो, बसा! महादेवराव, पगडी राहिली तुमची! अध्यक्ष महाराज, तुम्हीही?

"तू बोलत राह्य, मी आलोच!"

ऐकलंत, उस्ताद? तुम्ही तरी हलू नका. गळ्यात सत्काराचा हार आहे. भाषण संपेपर्यंत उठायची रीत नाही. पण आता बोलू कोणाशी? या सतरंजीशी?

"बोला ना पुढं. आमी ऐकून राहिलो."

रमाबाई! बोलतो. चौकोनी कूफीत रेघ कडेशी पोचली की वळते आणि पुढे चालू लागते. तुटत नाही. एवढंच राहिलं होतं.

उस्तादांचे आभार. सतरंजीचेही. रागाच्या भरात अधिकउणं बोललो असेन, तर पोटात घाला. भाषण पुरं झालं!

"या अल्लाह, आता हार काढू?"

थांबा, उस्ताद. बाजारातून अध्यक्षांना धरून आणतो. कापसाचं मागाहून, पहिलं पोरीचं बोला म्हणतो. तोवर कोणी उठू नका. हे दार मी बाहेरून ओढून घेतो. भाषण पुरं झाल्याचे साक्षीदार आतच असलेले बरे.