कागद हरवला कोणी

मी मूळची शिरगावची, बाप दुसऱ्याच्या वाडीत राबायचा, आन् लगीन होऊन आली ती बोईसरच्या वर, डोंगराच्या कडंला. माहेरी नारळी-पोफळी, हितं सगळं पावसावर, पन काय सांगू तुमाला, जमीन गोड होती. मालक पालघरकडल्या माहीमचा बागायतदार, आमी त्याची कुळं. सासऱ्यानं मालकाची सही घेऊन कागद करून ठेवलेला, का ही जमीन हाच कसतो.

मंग कायदा आला, कसंल त्याची जमीन. बोलावणं आलं तवा माझा नवरा बारकू पालघरच्या कचेरीत गेला, बाबूच्या हातात कागद दिला, पोच मागितली. बाबू बोलला, पोच कशाला, सरकारवर भरोसा नाय काय. बारकू गरीब मानूस, हात जोडून परत आला.

तारीख पडली तवा कागदच नाय. बाबू बोलला, गहाळ झाला, घाबरू नको, मी अर्ज लिवतो, तू अंगठा कर, काम होईल. यानं केला. आन् साहेबाच्या म्होरं बाबूनं तोच अर्ज वाचला, का सदर कागद माझ्या हातून, माझ्या हयगयीने गहाळ झाला. माझ्या म्हंजे कोनाच्या, बारकूच्या. साहेब बोलला, कुळाकडं पुरावा नाय, जमीन मालकाची.

बारकू घरी आला. भाकर वाढली तं एवढंच बोलला, माझ्या हातून हरवला गं. मी बोलली, अरे, मी पेटीतनं काढून तुझ्या हातात दिला, तू बाबूला दिलास. तरी तेच. लिवलेलं त्याला सोताच्या आठवनीपेक्षा खरं वाटाय लागलं. याचा राग मला जमिनीपेक्षा जास्त हाय, आजून हाय.

मी गेली कचेरीत. बाबूला इचारलं, कागद कोनी हरवला. तो मान वर न करता बोलला, बाई, कायद्याच्या भाषेत असंच लिवतात. मी बोलली, मंग तुमच्या भाषेत चोरी झाली तं घरवालाच चोर काय. सगळी कचेरी बघाय लागली. मंग मी जातच ऱ्हायली, शिपाई हाकलायचा, मी परत पायरीवर बसायची. शेवटी वरच्या साहेबानं शेजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या, तवा वरकस तुकडा, नुसतं गवत उगवतं तो, आमच्या नावावर झाला. भाताचं खाचर गेलं ते गेलंच. बारकू त्या बांधाकडं परत फिरकला नाय, त्याच साली वारला.

आता बोईसर-तारापूरकडं सरकार जमिनी घेतंय, रोज कोनाला तरी कागद घेऊन कचेरीत बोलावतात. मी संगं जाते. पोच हातात पडल्याबिगर आमी टेबलाम्होरनं हलत नाय. बाबू मला बघून तोंड फिरवतो, फिरवू दे.

तुमी एवढ्या लांबनं आलात, देव तुमाला सुखी ठेवो. पन मी बोलली ते तुमी हे जे लिवून घेतलंय ना, ते एकदा सगळं वाचून दावा मला, आन् मंग उठा.