दादाची प्रकृती बिघडली नव्हती

जय भीम सगळ्यांले.

मांडवात बसलेल्या आयाबायांनो, काका-मामांनो, गुरुजी, आणि दादासोबत पाठीवर पंप घेऊन शेतोशेत फिरणाऱ्या माझ्या भावांनो. भर हंगामात हातचं काम टाकून तुमी आले. दादा असता तर पहिले म्हणला असता, "अरे, बाया उन्हात बसल्या, ताडपत्री इकडं ओढा." मले तसं काही सुचत नाही. मी भाषणाचा माणूस नाही. सातवीतून शाळा सोडली आणि गाव सोडलं. हैद्राबाद झालं, सुरत झालं, आता मोरबीले टाइल्सच्या पेट्या भरतो. तिथं मशीनचा आवाज असा की माणूस दिवसभर इशाऱ्यानंच बोलते. म्हणून हे कागदावर लिहून आणलं. मधात अडलो तर घाई करू नका.

बंडूदादा माझ्या मोठेबाबाचा पोरगा, माझा चुलतभाऊ. मले पोहायले त्यानं शिकवलं, सायकल त्यानं शिकवली, आणि मी शाळा सोडली तवा कानाखाली त्यानंच दिली. मी जेवताना पण एका जागी बसत नव्हतो. तो म्हणायचा, "तू उभ्या उभ्या जेवते, उभ्या उभ्या झोपते, घोडा हायस लेका."

आणि त्याचं वाचन! फाट्यावरच्या हॉटेलात सकाळी दादा बसला की मोबाइल काढे आणि बातम्या मोठ्यानं वाचे. ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी, आणि ज्याले येते त्याच्यासाठी पण. बातमीच्या मधात जाहिरात आली तर ती पण त्याच दमात वाचून टाके. "आमदारसाहेबांनी आज नालीचं, आत्ताच मागवा, घरपोच मिळवा, उद्घाटन केलं." मंग शंकरकाका विचारत, "बंडू, नाली घरपोच भेटते का रे?" दादा म्हणे, "भेटते काका, पण पहिल्या पाण्यात वाहून जाते." काका, तुमी हसले आता. हसा. त्याले चाललं असतं.

मी हे काऊन सांगून राह्यलो? कारण दादा लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारा माणूस होता. तोंडी गोष्टीले तो हसे. म्हणे, "लिहिलं हाय का कुठं? लिहिलं असन तर दाखव."

आता ते सांगतो ज्याच्यासाठी मी उभा राह्यलो.

या हंगामात कपाशी छातीले लागली, अळी आली, आणि आपल्या इथं सगळ्यांनी एकच गोष्ट सुरू केली. निळ्या झाकणाची बाटली आणि पांढऱ्या पुडीतली पावडर, दोन्ही एकाच बकेटीत कालवायचे. दोन फवारे मारण्यापेक्षा एकात काम. दादा फवारणी करे, वहिनी पाणी आणे आणि कालवून पंप भरून देई. तुमच्यापैकी कोणाच्या वावरात त्यानं मारलं नाही? हात वर करा. पाहा, एक हात वर नाही.

तवाच तिकडं नेरडीगोंड्याच्या बाजूले एका बाईले फवारणी करताना त्रास झाला. दूरचं गाव, आपलं नातं नाही, गोतं नाही, सांगावा यायचं कारण नव्हतं. बातमी मोबाइलवर आली. आपला प्रमोद बातम्यांची साइट चालवते, तिच्यावर. दुपारच्या सुट्टीत मी फोन लावला तर दादानं मले ती वाचून दाखवली. "फवारणी करताना महिलेची प्रकृती बिघडली, परिसरात हळहळ."

मी म्हटलं, "दादा, तू पण तेच मारून राह्यला ना? तोंडाले फडकं तरी बांधत जा."

तो म्हणला, "अबे, प्रकृती बिघडली लिहिलं हाय. उन्हानं चक्कर आली असन. मेली असती तर लिहिलं नसतं का? प्रमोद आपलाच पोरगा हाय. असं काही असतं तर तो लिहिल्याशिवाय राह्यला असता का?"

मले पण पटलं. फोन ठेवला, पेट्या भरायले लागलो.

दुसऱ्या दिवशी दादानं तेच कालवण मारलं. वाऱ्याच्या तोंडावर मारलं. संध्याकाळी डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडाले फेस आला, आणि अदिलाबादच्या दवाखान्यातून तो परत आला तो तुमच्या खांद्यावर.

मी पोचलो तवा माती होऊन गेली होती. गाडीत बसल्या बसल्या प्रमोदच्या साइटवर दादाची बातमी वाचली. "सर्वांचे लाडके बंडूभाऊ आपल्यात नाहीत. अचानक प्रकृती बिघडल्याने परिसरात हळहळ." फोटोखाली जाहिरात होती टाइल्सची. माझ्या मोबाइलले माहीत हाय मी काय करतो. दादाचा फोटो, त्याच्याखाली चकचकीत न्हाणीघर, आणि मी त्या गाडीत.

घरी आलो तर वहिनी भिंतीले टेकून बसली होती. रडत नव्हती. मले म्हणे, "भाऊजी, कालवलं तर म्या होतं. माझं माप चुकलं का? माझ्या हातानं गेले का हो तुमचे दादा?"

मी म्हटलं, "वहिनी, असं काऊन बोलता?"

म्हणे, "बाया बोलून राह्यल्या विहिरीवर. प्रकृती अशी कशी बिघडन? एकतर तो पिऊन असन, नाहीतर बायकोनं जास्त टाकलं असन."

ऐकून घ्या. दादानं कधी दारूले हात लावला नाही, हे या मांडवातल्या प्रत्येकाले माहीत हाय. पण बातमीत जिथं खरा शब्द पाहिजे तिथं जागा रिकामी सोडली, आणि आपण काय केलं? त्या रिकाम्या जागेत दारू भरली. ते जमलं नाही तर वहिनीले भरलं.

म्हणून मी गुडीहत्नूरले प्रमोदकडं गेलो. तो इथंच बसला हाय, खांबापाशी. मान वर कर, प्रमोद. तू आला, याचा मले राग नाही. दुसरे पत्रकार तर आलेच नाहीत.

मी त्याले विचारलं, "दादा मेला. तू 'मेला' असं काऊन नाही लिहिलं?"

तो म्हणे, "बस अगोदर. चहा सांगतो."

"चहा नको."

"अरे, मेला लिहिलं की त्या बातमीले जाहिरात येत नाही. मृत्यू, खून, रक्त, विष, दारू. यातला एक शब्द दिसला की बातमी बाजूले पडते. माल विकणाऱ्याले आपला माल अशा शब्दापाशी ठेवायचा नसते."

"कोण पाहते हे? माणूस?"

"माणूस कुठला? मशीन पाहते."

"त्याले मराठी समजते?"

तो म्हणे, "तेवढे शब्द समजते."

तेवढे शब्द समजते! बाकी आपलं काहीच समजत नाही. आपली कपाशी समजत नाही, आपली माणसं समजत नाही. फक्त आपण मरतो तो शब्द समजते, आणि तो त्याले नको हाय.

मी चिडलो. तो पण चिडला. म्हणे, "तू मोरबीले बसून शिकवू नको. या तेलंगणात आपल्या गावची बातमी मराठीत कोण देते? तेलुगू पेपरात तुमच्या गावची एक ओळ येते का? जाहिरातीवर माझी खोली चालते, लाइट चालते. मी खरे शब्द लिहिले आणि साइट बंद पडली, तर तुमची तब्येत बिघडली एवढं सांगणारा पण कोणी उरणार नाही."

खोटं नाही ते. मी दुसरंच विचारलं. म्हटलं, "ती नेरडीगोंड्याकडली बाई आता कशी हाय? तिचं माप काय होतं विचारू दे. वहिनीले सांगीन, तिच्या जिवाले बरं वाटन."

प्रमोद मोबाइलकडं पाहत राह्यला. म्हणे, "ती त्याच दिवशी गेली रे."

"गेली म्हणजे?"

"मेली."

बंधूंनो, भगिनींनो, ती बाई मेली होती. दादानं फोनवर मले ती बातमी वाचून दाखवली तवा ती मेलेली होती. प्रमोदले माहीत होतं. प्रमोदनं माती पाह्यली होती. आणि दादा इकडं म्हणून राह्यला होता, मेली असती तर लिहिलं नसतं का.

मी गाडी काढली, त्या गावाले गेलो. तिचा नवरा भेटला. त्याले मराठी येत नाही, मले तेलुगू अर्धीमुर्धी, दोघं हिंदीत बोललो. त्यानं गोठ्यातून काढून दाखवलं. निळ्या झाकणाची बाटली. पांढरी पुडी. तेच. आणि ऐका वहिनी, माप पण तेच. दुकानदारानं सांगितलं तेवढंच. थेंब जास्त नाही. तो मले म्हणे, "आपके यहाँ खबर नहीं पहुँची क्या, भाई?"

मी काय सांगू त्याले? खबर पोचली होती. पण त्या खबरीत तुझी बायको जिवंत होती.

इथवर तुमाले वाटत असन, हा पोरगा प्रमोदवर राग काढून राह्यला. नाही. आता मी कागद बाजूले ठेवतो आणि आपल्या सभेवर येतो.

माझ्या अगोदर चार लोक बोलले. मोठी माणसं, माझ्यापेक्षा शिकलेली. गुरुजी, तुमी म्हणले, "जीवन अनित्य आहे." सरपंचबाई म्हणल्या, "नियतीनं घाला घातला." एक जण म्हणला, "दादा अनंतात विलीन झाले." सगळे चांगले शब्द. पण एकानं तरी म्हटलं का, बंडू विषानं मेला? एकानं तरी? गुरुजी, तुमाले कोणती जाहिरात लागली होती? इथं तर मशीन नाही. इथं कोण पाहून राह्यलं होतं तुमचे शब्द?

मी सांगतो कोण पाहून राह्यलं. माझ्या मागं हा दादाचा फ्लेक्स लागला हाय. दादा केवढा मोठा छापला. खाली बारीक अक्षरात काय लिहिलं ते वाचा. सौजन्य, अमुक कृषी केंद्र. ज्या दुकानातून ती बाटली आणि ती पुडी आली, त्याच दुकानानं दादाचा फ्लेक्स दिला. खुर्च्या पण तिथल्याच, ज्यावर आपण बसलो. शेठ, तुमी पुढं बसले. मी भांडत नाही. तुमी मनानंच दिलं असन. पण फ्लेक्स घेतला आणि आपली सगळ्यांची जीभ जड झाली, हे खरं की नाही? मंग प्रमोदले काय बोलू? त्याच्या बातमीखाली जाहिरात, आपल्या दुखवट्याखाली जाहिरात.

आणि अजून एक. आपण त्याले काय म्हणतो? औषध. "औषध मारून आलो." "औषध कालव." माझी माय पण म्हणते, मी पण म्हणतो. आपल्याले कोणी मनाई केली नव्हती. आपणच गोड नाव ठेवलं, आणि मंग लेकरागत पाठीवर घेऊन फिरलो.

फवारणी संपली नाही. पंपवाल्या भावांनो, उद्या तुमी कोणाच्या तरी वावरात जाणार, हे मले माहीत हाय. घरी चूल हाय, जावं लागते. जा. पण ते दोन्ही एकात कालवू नका. कोणी म्हणलं, कालव, तर सांगा, यानं दोन माणसं मेली. बिघडली नाही, मेली. प्रमोद लिहीन की नाही, मले माहीत नाही. त्याच्यावर मी जबरदस्ती करत नाही. तोंडानं सांगायले तर कोणी आपल्याले अडवलं नाही ना?

आता शेवटचं, आणि हे वहिनीसाठी.

वहिनी, तुमी तिकडं बायांमध्ये पदर ओढून बसल्या. तुमी मले म्हणल्या होत्या, भाऊजी, सभेत सांगा काय झालं ते. सांगतो. माझा भाऊ बंडू प्यायला नव्हता. त्याची प्रकृती बिघडली नव्हती, सकाळी भाकर खाऊन, शिट्टी वाजवत गेला होता. तो विषानं मेला. बरोबर मापानं कालवलेल्या विषानं मेला. तुमच्या हातानं नाही.

मी उद्याच्या गाडीनं जाणार. माझा पाय टिकत नाही, तुमाले माहीत हाय. मी गेल्यावर वहिनीले विहिरीवर जायचं हाय, दळणाले जायचं हाय, तुमच्यातच राहायचं हाय. म्हणून एक मागतो. आपण आता उभं राहू, दोन मिनिटं शांत राहू. पण त्याच्या अगोदर, विहिरीवर जे बोलले ते, आणि जे ऐकून गप्प राह्यले ते पण, वहिनीकडं तोंड करून एकदा म्हणा. तुमच्या हातानं नाही. एवढंच. मोठ्यानं म्हणा, तिले ऐकू जाऊ द्या.

मी थांबतो.

म्हणा.

आता उभे राहा.