आधी साहेब गेला, मग आला

...नाही पण, तुम्हीच सांगा, माणूस आधी येतो की आधी जातो? सरळ प्रश्न आहे! पाहुणा घ्या, जावई घ्या, ताप घ्या... आल्याशिवाय गेलाय का कधी कोणी? मग इंग्रजाचंच एवढं काय वेगळं? आणि घाई म्हणाल, तर घाई नाही केली हो मी!

चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय. शाळेत गेलो तो भिंतींना चुना द्यायला. अक्षरं शिकलो ती पुस्तकांच्या पाठीवरची, सोनेरी, मोठी मोठी. आतलं वाचायची वेळच आली नाही. न्हावी काय गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते विचारतो?

पण ह्या पुस्तकानं वाचायला लावलं. झालं असं, मागच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई, इतिहासाच्या, एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. इंग्रजांच्या राज्याची सगळी हकिगत, येण्यापासून जाण्यापर्यंत. "काका, माझ्या वडिलांचं आहे हो. नव्वदीचे झालेत, आता दिसत नाही. गुरुवारपासून त्यांना वाचून दाखवायचंय. जपून हं, दुसरी प्रत कुठंच मिळत नाही." मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालेलं नाही! कशाला बोललो कोण जाणे.

पुस्तकाला खालून वाळवी. अनुक्रमणिका तर तिनं चवीनं खाल्लेली. म्हणून आधी खालची कड कापली, चांगली बोटभर... आणि पानांचे आकडे छापलेले खालीच! गेले की सगळे! बरं, गेले तर गेले, फर्मे तर ओळीनं होते. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा अठरा घड्या शिवल्या की झालं पुस्तक. शिलाई उसवली, फर्मे दमट होते म्हणून खाटेवर उन्हात मांडले, एक दोन तीन चार, शिस्तीत... आणि आभाळ भरून आलं तशी आमची बायको धावली, आणि वाळत घातलेले कपडे गोळा करावेत तसे अठराच्या अठरा फर्मे कवटाळून आत! आता ह्यात घाई कुणी केली? मी नाही केली!

मग काय, बसलो चष्मा लावून. फर्म्याच्या शेवटी वाक्य तुटतं, त्याचं डोकं इथं आणि शेपूट दुसऱ्याच फर्म्याच्या वरच्या ओळीत. ते शोधायचं आणि जोडायचं. बोट ठेवून, एकेक अक्षर. पण तुम्हाला सांगतो, शेपूट शोधता शोधता गोष्टीतच अडकलो हो! काय लिहिलंय, काय लिहिलंय! साहेब गलबतातून उतरतो, बुटात पाणी, टोपी हातात, आणि म्हणतो कसा, "थोडीशी जागा द्या ना... माल ठेवायपुरती... एवढीश्शी!" चार फर्मे पुढं जावं तर तोच साहेब खुर्चीत आणि जागेचा मालक टोपी काढून उभा! "क्काय आहे? बाहेर थांबा!" अरे, जागा कुणाची?

मी फर्मा जुळवून द्यायचा, बायकोनं शिवायचा. तर हिचा हात चालेना.

"अहो, त्या म्हातारीचं शेत मोजून नेलं का मेल्यांनी?"

"शेपूट तर सापडू दे!"

"ती साखळीवर बसली म्हणालात ना, मोजणीच्या? मग? उठवली तिला?"

"अगं, तिला अर्ध्यावर उठवलंय. उरलेलं दुसऱ्या फर्म्यात आहे!"

दोऱ्याला मेण लावते, डोळे पुसते, मेण डोळ्यांत जातं, आणखी पुसते. "पण हा जाणार कधी हो?" मी काय त्याची तिकिटं काढलीत?

सतरा जुळले. एक उरला. सुरुवातीला मथळा, शेवटी पूर्णविराम. ना डोकं कुणाला जोडायचं, ना शेपूट. वाचला. बंदरावर संध्याकाळ, झेंडा खाली येतोय, मडम पोपटाचा पिंजरा घेतल्याशिवाय बोटीत चढत नाही, आणि नोकर हात पुढं करून म्हणतोय, "साहेब, किल्ली." अहाहा! साहेब चालला! घाई नाही केली मी, तीनदा वाचला. गेला म्हणजे संपलं, दुसरं काय? लावला सगळ्यांत शेवटी. बायकोनं गाठ मारली आणि म्हणाली, "सुटलो बाई!" नवा पुठ्ठा, ताजी खळ, दाबात ठेवलं, आणि गुरुवारी सकाळी बाईंच्या हातात.

शुक्रवारी बाई दारात.

"काका, पहिलं वाक्य वाचलं आणि बाबांनी हात वर केला. म्हणाले, हे नव्हे. साहेब आधी जातो."

"आल्याशिवाय?"

"लेखकानं मुद्दाम तसं लिहिलंय हो. शेवट आधी."

"मग बाई, चूक माझी की त्याची?"

बाई हसल्या नाहीत. पुस्तक पोटाशी धरून उभ्या. "बाबा पुढचं ऐकतच नाहीत, काका. म्हणतात, हा जाणार आहे एवढं आधी कळलं, तरच बाकीचं ऐकवतं."

तेवढ्यात आतून बायको, "बरोब्बर बोलतात ते! मला आधी सांगितलं असतंत, तर एवढी रडले असते का मी?"

सुरी घेतली. पुठ्ठा सोडवला, टाके कापले. ज्याला घालवायला देशाच्या पिढ्यान् पिढ्या खपल्या, त्याला मी एकट्यानं शेवटून उचलून पुढं आणून ठेवला, चहा गार व्हायच्या आत! बायकोनं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "ह्या वेळी टाके घट्टच घालते. गेला तो गेला, परत यायला नको मेला!"

मी पुढचा फर्मा दिला तिच्या हातात... त्यात तो गलबतातून उतरत होता.